पेटीवरचा पत्ता

मला चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. गावात कुणाकडे पाहुणा आला की तो कुठला, कशाने आला, किती दिवस राहणार, हे विचारून आल्याशिवाय मला घास उतरत नसे. अम्मी म्हणायची, ही मोठी झाली की पोलिसात जाणार. मी नर्स झाले. तिथेही खोड कामालाच आली, कारण पेशंट डॉक्टरला जे सांगत नाही ते नर्सने चार प्रश्न आडवेतिडवे विचारले की सांगून टाकतो. पण यान्बूहून भाईच्या खोलीतल्या एकाचा फोन आला आणि तो रडत "आपा, भाई गेला" म्हणाला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "जेवला होता का?" माझी मलाच शरम वाटली. तो बिचारा मात्र हुंदके देत म्हणाला, "जेवला होता. मासे केलेले."

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. सौदीत, यान्बूच्या बंदरात तो क्रेन चालवायचा. मी जेद्द्याला, एका इस्पितळात. नवरा आणि मुलगी माझ्याबरोबर. गावाला, रत्नागिरीकडच्या खाडीकाठी, एकटी अम्मी. भाईचं लग्न राहूनच गेलं होतं. दर सुट्टीत काहीतरी दुसरं उरकायचं असायचं. एकदा माझं लग्न, एकदा घराचं छप्पर, एकदा अम्मीचा मोतीबिंदू. जुम्म्याची नमाज पढून, जेवून तो आडवा झाला आणि उठलाच नाही. हृदय बंद पडलं. असं मरण मी नोकरीत कितीतरी पाहिलंय, आणि घरच्यांना "त्यांना त्रास झाला नाही" असं सांगितलंही आहे. आता तेच वाक्य मला कुणीतरी सांगत होतं आणि मला त्या माणसाला मारावंसं वाटत होतं.

आमच्या लोकांत अशा वेळी पुढचं काय, याचा फारसा विचार करायचा नसतो. इथेच दफन करायचं. मक्का हाकेच्या अंतरावर, ही माती कुणाच्या नशिबात असते? भाईचा कफील, म्हणजे त्याला कामावर आणणारा तिथला मालक, फोनवर तेच म्हणाला, खोलीतले सगळे तेच म्हणाले, माझा नवराही तेच म्हणाला. मय्यतीला उशीर करू नये, तिला फिरवू नये, हेही खरंच. मलाही पटत होतं. आता फक्त अम्मीचा होकार हवा होता, आणि तो मिळणार याबद्दल मला शंका नव्हती. पाच वेळची नमाज न चुकवणारी बाई, ती कशाला नाही म्हणेल?

अम्मीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग म्हणाली, "त्याला हितं आन."

मी समजावलं. मक्केचं सांगितलं, मातीचं सांगितलं. ती म्हणाली, "ठाव हाय मना. त्याला हितं आन."

"पण का, अम्मी?"

तिने फोन ठेवून दिला. माझ्या आयुष्यातला हा एकमेव 'का', ज्याचं उत्तर न मिळता मला कामाला लागावं लागलं. अम्मीला भाई तिकडे का हवा होता? तोंड बघायला? ते तर तिने व्हिडिओवरही बघितलं असतं, आणि मी तसं सुचवलंही होतं. गावाला दाखवायला? ती तसली नाही. नवरा म्हणाला, आई आहे, अजून काय कारण पाहिजे? त्याला कुठल्याच गोष्टीला दुसरं कारण लागत नाही. मला लागतं.

याआधी एकदा आमच्या घरात हेच घडलं होतं, आणि तेव्हा अम्मी अशी बोलली नव्हती. माझे अब्बा जेद्द्याच्या गोदीत माल उतरवायचे. मी शाळेतही जात नव्हते, तेव्हा ते तिकडेच वारले आणि तिकडेच त्यांना माती दिली. गावात खबर आली तेव्हा सगळे सोपस्कार होऊन गेलेले होते. मला आठवतात त्या ओटीवर जमलेल्या बायका आणि त्यांचं एकच वाक्य, "नशीब काढलंन." अम्मीने मान हलवली, विधवेची इद्दत पाळली, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली नाही, आणि आम्हाला वाढवलं. संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबली, की ती हातातलं काम टाकून ओटीवर यायची आणि उतरलेली माणसं वळणावरून निघून जाईपर्यंत उभी राहायची. मी विचारायचे, कोण येणार आहे? "कोन नाय," म्हणून ती आत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी.

पुढे भाई सौदीला आला, तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते अब्बांची कबर शोधायचं. मी इथे आले, तेव्हा मीही हट्ट धरून त्याच्याबरोबर गेले. बायकांना कब्रस्तानात जाता येत नाही, म्हणून मी भिंतीबाहेर टॅक्सीत बसून राहिले. भाई आत जाऊन आला. मी प्रश्नांचा भडिमार केला. कुठल्या बाजूला? खूण काय? दगड आहे का? तो म्हणाला, "सगळं सारखंच आहे ग. मातीच्या ओळी. कुणाचं नाव नाही, गाव नाही." इथली रीतच तशी आहे. राजा असो नाहीतर हमाल, कबरीवर नाव घालायचं नाही, आणि मला स्वतःला ही रीत आवडते. पण त्या दिवशी टॅक्सीत बसून ती आवडणं जमलं नाही.

अम्मीला भाईने फोनवर सांगितलं, "सापडली. चांगली जागा आहे."

अम्मीने विचारलं, "नाव लिवलंय?"

"इथे नाव लिहीत नाहीत, अम्मी."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

तर भाईला न्यायचं ठरलं, आणि मी एका अशा वाटेला लागले जिचं मला काहीच ठाऊक नव्हतं. इस्पितळात माझं काम मय्यत शवागाराच्या दारापर्यंत पोचवण्याचं. दार बंद झालं की मी परत वॉर्डात. दारापलीकडे एवढा मोठा कारभार असेल असं वाटलंच नव्हतं. पोलिसांचा कागद, कफीलचा कागद, वकिलातीचा कागद, गावाहून अम्मीने उर्दूत सही करून पाठवलेलं मुखत्यारपत्र. एक कागद मिळाला की तो दुसऱ्याची वाट दाखवायचा. कफील तसा बरा माणूस होता. कुठे अडलं की "यल्ला, यल्ला" म्हणत स्वतः खिडकीशी जाऊन बोलायचा. मी मात्र प्रत्येक खिडकीवर भांडले. भाईच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, कायमचं देश सोडल्याचा शिक्का पडायला हवा, असं एका साहेबाने सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "म्हणजे मेलेल्या माणसालाही जायला परवानगी लागते?" तो शांतपणे म्हणाला, "सिस्टर, सगळ्यांनाच लागते." मला त्याचा राग आला, आणि हसूही.

वकिलातीत भाईचा पासपोर्ट रद्द केला. ते घरी सांगितल्यावर मुलगी हिंदीत म्हणाली, "पासपोर्ट कॅन्सल कर दिया तो मामू जाएंगे कैसे?" तिच्या शाळेत सगळे हिंदी-इंग्रजीतच बोलतात, त्यामुळे तिच्याशी मराठी बोलायला गेले की उत्तर असं येतं. पण प्रश्न अगदी माझा होता. मीही तोच वकिलातीतल्या बाईला विचारून आले होते. आता तो माणूस नाही, कार्गो आहे, असं तिने मला समजावलं होतं. मुलीला मी म्हटलं, "सामानासारखे जातील."

भाईला यान्बूहून जेद्द्याला आणलं. विमानात सामानाच्या जागेतून जाण्यासाठी देह टिकावा म्हणून औषध भरतात, तेही मी विचारून घेतलं. किती, कुठून, किती वेळ टिकतं. तिथला तंत्रज्ञ केरळचा होता. मी नर्स आहे म्हटल्यावर त्याने सगळं नीट सांगितलं. ऐकताना मी मान हलवत होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या केसबद्दल चाललंय. मग तो म्हणाला, "आपका भाई अच्छा दिखता है." तेव्हा कुठे मी भिंतीला टेकले.

गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, द्यायला भाईच्या खोलीतली माणसं आली. रत्नागिरी-रायगडकडचीच सगळी. मी नर्स. किती पुरुषांना आंघोळ घातली, किती जणांची जखम साफ केली, त्याला गणती नाही. पण सख्ख्या भावाला पाणी घालायला मला आत जाता येत नव्हतं. बाहेर बाकड्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. ते बाहेर आले, त्यांचे डोळे लाल, बाह्या ओल्या. एक जण म्हणाला, "आपा, गरम पाणी घातलं. त्याला गार चालायचं नाय." मग शिव्या थांबल्या.

जायच्या आधी आमच्या बिल्डिंगमधली माणसं भेटायला येत होती. गावाकडे कुणी निघालं, की त्याच्याकडे काहीतरी द्यायचं, ही इथली जुनी सवय. सांत्वन करता करता एका बाईने हळूच विचारलं, "तुमचं वजन किती उरतंय?" मी असं बघितलं, की ती चपला शोधायला लागली. पण दारातून तिला मीच परत बोलावलं. तिच्या आईच्या सांधेदुखीच्या गोळ्या होत्या. त्या घेतल्या.

आणि मग विमानतळावर, कार्गोच्या शेडमध्ये, तो प्रकार झाला.

पेटी आली. पांढरट लाकडाच्या फळ्यांची, आत पत्र्याचं अस्तर. मी एका कागदावर सही करायला खिडकीशी गेले. परत येऊन बघते तर भाईच्या खोलीतली माणसं पेटीभोवती वाकलेली. एकाने नायलॉनची दोरी आणली होती आणि ती आडवी-उभी घेऊन गाठी मारत होता, दोन्ही टोकांना उचलायला मुठी सोडून. दुसरा जाड काळा मार्कर घेऊन फळीवर लिहीत होता. मोठ्या मोठ्या अक्षरांत, मराठीत. भाईचं नाव. मुक्काम. पोस्ट. तालुका. जिल्हा. खाली गावच्या घराचा फोन नंबर. डोक्याच्या बाजूला बाण आणि 'वर'.

ज्याने आखातातून आलेलं सामान पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. भाई सुट्टीला यायचा, तेव्हा त्याची खोकी अशीच यायची. दुधाची पावडर, साबण, घोंगड्या, आणि खोक्याच्या चारी बाजूंना त्याच्या हातचं नाव, गाव, तालुका. अम्मीला मराठी वाचता येत नाही, ती उर्दू शिकलेली. पण खोक्यांवर बघून बघून भाईचं नाव तिला ओळखता यायचं. खोकं रिकामं झालं, तरी ती फेकायची नाही. पोटमाळ्यावर रचून ठेवायची.

मी ओरडले. शेडमधले सगळे वळून बघायला लागले, इतकी ओरडले. "हे काय चाललंय? माझा भाऊ आहे तो! खोकं आहे का ते?"

मार्करवाला उभा राहिला. वयाने माझ्याहून मोठा, त्याच्या दाढीतही पांढरं आलेलं. तो म्हणाला, "आपा, नाव नको? चुकून दुसऱ्याच्या घरी गेला तर?"

"त्यांचं लेबल आहे ना लावलेलं!"

"ता इंग्लिशमधी हाय. आन् केवढंसं हाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "आमी त्याची सगळी खोकी अशीच बांधली, आपा. हाताला दुसरं ठाव नाय."

मी त्याच्या हातातून मार्कर ओढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. लिहिलेलं पुसायचं तर ते पुसलं जाणारं नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून पेटी उचलली, त्याच दोरीच्या मुठींना धरून.

विमानात मी वर आणि भाई खाली. सबंध प्रवासात मला एकच कुतूहल होतं, तो नेमका कुठे असेल. माझ्या पायाखाली की पुढे पंखाकडे? हवाई सुंदरीला विचारावं असं दोनदा मनात आलं. शेजारच्या, मक्केला उमरा करून परतणाऱ्या म्हातारीला कळलं असतं, तर ती घाबरली असती का दुआ पढली असती? शेवटी तिनेच विचारलं, एकटीच चाललीस का बेटी? मी म्हटलं, नाही, भाऊ आहे बरोबर. मागे बसलाय का? तिने मान वळवून बघितलं. मी हो म्हटलं.

मुंबईला चुलत्यांनी अँब्युलन्स आणली होती. गावात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि मशिदीपासून आमच्या अंगणापर्यंत माणसं उभी होती. पेटी ओटीवर ठेवली. झाकण काढायच्या आधी अम्मी पुढे आली. मला वाटलं, आता उत्तर मिळणार. आता ती तोंड बघणार, आणि मला कळणार, की बस, एवढ्याचसाठी.

तिने आधी पेटीवरची अक्षरं बघितली. नावावरून हात फिरवला. मग झाकण काढल्यावर भाईकडे बघितलं, आणि म्हणाली, "दाढी पांढरी झाली की रे. फोनात कळत नव्हती." एवढंच. मग तीच म्हणाली, "चला, न्या त्याला. उशीर झालाय."

आमच्याकडे पेटीसकट पुरत नाहीत. पेटीच्या फळ्या सोडवून त्याच कबरीत वापरायच्या ठरल्या, देहाच्या वर आडव्या लावायला. लाकूड चांगलं होतं. कब्रस्तान आमच्या घरामागेच, मधे चिऱ्यांचा गडगा. बायका तिकडे जात नाहीत. अम्मी आणि मी गडग्याला टेकून उभ्या होतो. पुरुषांच्या पाठींपलीकडे काही दिसत नव्हतं. मातीचा आवाज तेवढा आला. ती सगळा वेळ उभी राहिली, गडग्यावर हात ठेवून.

माणसं परतली तेव्हा चुलत्यांच्या काखेत एक फळी होती. लांबट, नाव लिहिलेली. ती त्यांनी ओटीवर भिंतीला टेकवून ठेवली, आणि म्हणाले, "ही नाय घातली. ह्याच्या नावात रसूलांचं, पैगंबरांचं नाव हाय. मातीखाली कशी घालायची?"

म्हणून ती फळी घरातच राहिली. येणारे-जाणारे बघायचे, वाचायचे, मान हलवायचे. मला तिचा राग येत होता. अम्मीजवळ बसून मी शेडमधला सगळा प्रकार सांगितला, दोरी, बाण, मार्कर, आणि मी कशी ओरडले ते. वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "बरं केलंनी."

संध्याकाळची एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. अम्मी जागची उठली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. लहानपणापासून मी तिला तो आवाज ऐकून बसून राहिलेली पाहिली नव्हती.

"अम्मी," मी म्हटलं, "आता तरी सांग. त्याला इथे का आणायला लावलंस?"

ती फळीकडे बघून म्हणाली, "तुज्या बापाची मना अजून वाट बघायला व्हते. गेला ठाव हाय. तरी व्हते. आनी ह्याची बघायला आता माज्यात ताकद नाय."

माझ्या सगळ्या चौकशा तिथे संपल्या. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि भाई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. तिने मला रडू दिलं. मग माझ्या पाठीवर थापटत म्हणाली, "तो मार्कर खय हाय?"

"पर्समध्ये."

"आन."

मी आणला. ती म्हणाली, "ह्याच्या खाली जागा हाय. तुज्या बापाचं लिव."

मी फळी आडवी ठेवली. भाईचं नाव, पत्ता, फोन नंबर. त्याखाली खरंच हातभर जागा होती. मी अब्बांचं नाव लिहिलं, माझं अक्षर त्या माणसाच्या अक्षरापुढे बारीक वाटलं म्हणून पुन्हा गिरवून जाड केलं. ओटीवर बसलेले चुलते म्हणाले, झालं की सांग, सकाळी भाईच्या कबरीच्या डोक्याशी रोवतो.

"गाव लिवलंस?" अम्मीने विचारलं.

"गाव वर आहे ना, अम्मी. भाईच्या नावाखाली. तेच गाव."

"दुसऱ्यांदा लिव. त्याच्यावर कुनी पत्ता लिवलाच नाय."

मी गाव लिहिलं. पोस्ट, तालुका, जिल्हा. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "फोन नंबर?"

अम्मीने जरा विचार केला.

"लिव," ती म्हणाली. "इचारलंच कुनी तर."